तिला सहन होत नाही

लिफ्टचं दार दुसऱ्यांदा व्हीलचेअरच्या चाकाला आपटून मागे गेलं, तेव्हा बाबूरावांनी खुर्ची उलटी फिरवली, स्वतः आधी आत शिरले आणि ती मागे ओढून घेतली. धम्मदीनाचा उजवा हात मांडीवरून घसरला होता. तो त्यांनी उचलून जागेवर ठेवला, शालीचं टोक त्यावर ओढलं आणि बटण दाबलं.

"आलो बघ," ते म्हणाले.

"नाही," दीना म्हणाली.

"हो, वर जायचंय अजून. पण आलोच."

वर लिफ्टसमोरच पांढरं कापड घातलेलं टेबल होतं. मागे बसलेल्या मुलीनं आधी बाबूरावांकडे, मग खुर्चीकडे पाहिलं आणि हसू जरा आवरून घेतलं.

"सर, डीलर की शौकीन?"

"म्हणजे?"

"मतलब, धंद्यासाठी आलात की ऐकायला?"

"ऐकायला," बाबूराव म्हणाले. खरं तर ते ऐकू येऊ नये म्हणून आले होते. पण हे तिला कसं सांगणार?

मुलीनं निळ्या पट्ट्यांची दोन कार्डं काढली. एक बाबूरावांच्या हातात दिलं. दुसरं दीनाच्या गळ्यात घालायला ती टेबलाला वळसा घालून आली, वाकली, आणि दीनाचे केस पट्ट्यात अडकू नयेत म्हणून तिनं ते हलकेच बाजूला केले. दीनानं तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

"नाही," दीना म्हणाली.

मुलगी दचकली. "नको का कार्ड?"

"असू द्या, असू द्या," बाबूराव घाईनं म्हणाले. "तिचा तेवढाच शब्द आहे."

हॉटेलच्या त्या मजल्यावरच्या खोल्यांमधले पलंग काढून टाकले होते. प्रत्येक दारात एकेका कंपनीचा फलक होता. आत माणसाएवढे उंच स्पीकर, त्यांच्यासमोर खुर्च्यांच्या दोन-तीन रांगा, आणि खुर्च्यांत डोळे मिटून बसलेले पुरुष. बागेला पाणी घालायच्या नळीएवढ्या जाड तारा जमिनीला टेकू नयेत म्हणून छोट्या छोट्या लाकडी घोड्यांवर ठेवल्या होत्या. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एका खोलीतून सतार येत होती, दुसरीतून कुणा परदेशी बाईचा दाटलेला आवाज. गालिच्यावरून खुर्ची ढकलायला जड जात होती, आणि बाबूरावांना आपल्या चपलांची लाज वाटत होती.

एका दाराशी तलम सदरा घातलेला एक गृहस्थ वाट देण्यासाठी बाजूला झाला. गळ्यातलं कार्ड बघून त्यानं अगत्यानं विचारलं,

"घरी काय सेटअप आहे?"

बाबूरावांनी क्षणभर विचार केला. "खाली दोन खोल्या, वर गच्ची."

गृहस्थानं मान हलवली आणि पुन्हा आत बघू लागला.

त्यांना पाहिजे होती ती खोली फलकावरून सापडली. पेपरातल्या जाहिरातीत हेच वाक्य होतं: 'अशी खोली, जिथे शांतता ऐकू येते.' सकाळचा चहा दीनाला चमच्यानं पाजताना त्यांची नजर त्यावर पडली होती, आणि चहा तिच्या हनुवटीवरून ओघळला तरी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी पुण्याला संबोधीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "बाबा, ते हायफायवाल्या लोकांचं प्रदर्शन असतं. तुम्ही काय करणार तिथे?" मग म्हणाली, "जाऊन या. निदान घराबाहेर पडाल." आईला कुणाकडे ठेवणार, हे तिनं विचारलं नाही. दिवसा मदतीला येणारी सुमन रविवारी येत नसे. आणि दीनाला मागे ठेवायचा विचार बाबूरावांच्याही मनात नव्हता. खोली तिच्यासाठी होती. तिचे कान तिथे असायला हवे होते.

राऊच्या रस्त्याला त्यांनी घर बांधलं, तेव्हा मागच्या बाजूला सोयाबीनचं शेत होतं. वीज मंडळातली नोकरी संपल्यावर निवांत राहायचं म्हणून मुद्दाम गावाबाहेर प्लॉट घेतला होता. दोन पिकं निघाली आणि शेताच्या जागी मॅरेज गार्डन आलं. कुंपणाची भिंत एकच. तेव्हाही आवाजाचा त्रास होताच, पण दीना धडधाकट होती. गेल्या ऑगस्टमध्ये तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हातोदकडच्या गावांमधून अंगणवाड्यांची सुपरवायझर म्हणून जन्मभर फिरलेली, दिवसभर दहा जणींशी बोलून घरी येऊन पुन्हा बोलणारी बाई. तिच्याकडे एवढा एकच शब्द उरला. चहा हवा का? नाही. आणि ती चहा पिऊन टाकी. दुखतंय का? नाही. आणि डोळ्यांतून पाणी.

तुकोगंजमधल्या क्लिनिकमध्ये उषा नावाच्या बाई तिला बोलायचे व्यायाम देत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "त्या शब्दाच्या अर्थावर जाऊ नका, काका. चेहरा बघा. विचारा आणि थांबा. घाई करू नका." बाबूरावांनी मान डोलावली होती. पण कपडे बदलायचे, औषधं द्यायची, अंघोळ घालायची, भाजी टाकायची, डायपर आणायचे, थांबायचं कुठे? हळूहळू त्यांनी तिच्या प्रत्येक 'नाही'चा अर्थ स्वतःच बसवून घेतला होता, आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो असं त्यांना वाटे.

देवउठणी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, झाली आणि लग्नांचा सीझन लागला. संध्याकाळी डीजे सुरू झाला की मांडणीतले पेले एकमेकांवर वाजत. औषधाची बाटली थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरके. आवाज कानांतून येत नसे, छातीतून येई. दीनाचं अंग ताठ होई, डोळे मोठे होत, आणि ती म्हणे, "नाही. नाही. नाही."

बाबूराव गार्डनच्या ऑफिसात गेले. मॅनेजरनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मिसेसला पॅरालिसिस झालाय," बाबूराव म्हणाले. "तिला सहन होत नाही."

"भिया, लग्नाचं घर आहे. कुणाला काय बोलणार? दहाला बंद करतो ना."

'तिला सहन होत नाही' हेच वाक्य ते पोलीस ठाण्यावर बोलले. गाडी आली, आवाज उतरला, गाडी गेली, आवाज चढला. एकदा ते थेट मांडवात गेले. नवऱ्या मुलाच्या बापानं घामेजल्या फेट्यासकट वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "अंकलजी, बस आधा घंटा." त्याच्यावर काय रागवायचं? हातात मिठाईचा डबा घेऊन ते परत आले. त्यांनी दीनाचा पलंग खिडकीच्या खोलीतून काढून मधल्या खोलीत लावला, जिथे दिवसाही दिवा लावावा लागे. त्यानंतर दोन दिवस ती रडली. डॉक्टर म्हणाले, या आजारात माणसं उगीच रडतात, मनाला लावून घेऊ नका. मेडिकलमधून कानात घालायचे फोमचे बोळे आणले, तर ती डाव्या हातानं उपसून टाकी. ते परत घालत. ती परत काढी. कधी कधी या झटापटीत बाबूरावांचा हात जरा जोरात लागे, आणि मग बाहेरचं गाणं संपेपर्यंत ते तिच्याकडे पाठ करून बसत.

त्या खोलीचं दार जाड होतं, आणि कडेला रबराची पट्टी होती. आतल्या माणसानं ते ओढून उघडलं. चाळिशीचा असेल, चष्मा कपाळावर सरकवलेला.

"या काका, या. मी सुजय. आंटीजींची चेअर इथे, बरोबर मध्ये लावू या. बेस्ट सीट."

दार लागलं. गालिच्यावर चाकांचा होत होता तेवढाही आवाज कुठेतरी गेला. भिंतींवर, छतावर राखाडी कापडाचे जाड चौकोन बसवले होते, कोपऱ्यांत त्याच कापडाचे खांब उभे होते. बाबूराव खाली बसले. त्यांना स्वतःचा श्वास ऐकू आला, मग श्वासामागे एक बारीक भिरभिर. बाकी काहीच नव्हतं. पंखा नाही, रस्ता नाही, शेजाऱ्यांचा टीव्ही नाही. त्यांचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर उचललेले होते, हे त्यांना तेव्हाच कळलं. मान मागे टेकावी आणि इथेच झोपून जावं, असं वाटलं.

"छान आहे ना?" सुजय हळूच म्हणाला. त्याचा आवाज ओठांपाशी सुरू होऊन तिथेच संपत होता. "आधी खोली ठीक पाहिजे, मग मशीन. लोक उलटं करतात. आंटीजींना काय आवडतं? काय लावू?"

बाबूरावांनी तोंड उघडलं. दीनाला काय आवडतं. उत्तर जिभेवर असायला हवं होतं.

"तिला शांतता आवडते," ते म्हणाले.

"नाही," दीना म्हणाली.

सुजय हसला, मग बाबूरावांचा चेहरा बघून थांबला.

"तिचा तेवढाच शब्द आहे," बाबूराव म्हणाले. "अर्थ नका धरू."

सुजयनं बासरी लावली. समोर दोन बारीक स्पीकर होते, पण आवाज त्यांच्यातून येतोय असं वाटत नव्हतं. कोणीतरी समोर मांडी घालून बसलं होतं आणि फुंकर घालण्याआधी त्याचे ओठ ओले होत होते, तेही ऐकू येत होतं. बाबूरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा दीनाचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळलेला दिसला. दमली असेल. त्यांनी बासरी संपायची वाट पाहिली नाही.

"मला एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "हे सगळं आमच्या घरी बसवता येईल? मशीन नकोत. फक्त हे." त्यांनी भिंतीवरच्या चौकोनाला बोट लावलं. "आमच्या मागे मॅरेज गार्डन आहे. मिसेसची ही अशी अवस्था. तिला सहन होत नाही."

सुजयनं बासरी बंद केली आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"घर सुटं आहे? रो हाउस नाही ना?"

"सुटं. पण भिंत एक."

"काका, असं बघा." तो त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. "आवाज दोन तऱ्हेचे. एक हवेतून येतो. बोलणं, हॉर्न, शहनाई. दार-खिडकी टाइट केली की तो बराच कमी होतो. दुसरा जो आहे ना, धम-धमवाला, तो जमिनीतून येतो, पिलरमधून चढतो. भिंत स्वतःच हलते. तिच्यावर काय पण चिकटवा, ती हलणारच."

"मग हे कशासाठी?"

"हे आतल्या आवाजासाठी. आत जे वाजवाल ते स्वच्छ ऐकू यावं म्हणून. बाहेरच्याशी याचं काही घेणं-देणं नाही."

"पण इथे तर काहीच ऐकू येत नाही."

सुजय जरा ओशाळला. "ते काय आहे, शेजारच्या दोन्ही खोल्या मी रिकाम्या ठेवायला लावल्यात. आणि धम-धमवाल्यांना कॉरिडॉरच्या पार त्या टोकाला पाठवलंय."

बाबूरावांनी बोट चौकोनावरून काढलं नाही. कापड मऊ होतं, दाबलं की आत जाई आणि परत वर येई.

"काहीच उपाय नाही?"

"आहे, पण तुमच्या कामाचा नाही. खोलीच्या आत दुसरी खोली बांधावी लागेल. तिची जमीन वेगळी, भिंती वेगळ्या, छत वेगळं. जुन्याला कुठेच चिकटायचं नाही. खिडकी विटांनी बुजवायची. हवेसाठी वेगळी मशीन. आंटीजी आत, आणि बाहेर काय चाललंय त्यांना काही कळणार नाही. आणि एवढं करून पण मी गॅरंटी देणार नाही." त्यानं बाबूरावांच्या बोटाकडे पाहिलं. "मी तुम्हाला हे पॅनल विकू शकतो, काका. पण नाही विकणार. तुम्ही परत याल आणि मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मग लोक काय करतात?"

"लोक?" सुजयनं चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. "माझ्या घरामागे पण आहे एक गार्डन. सीझनमध्ये बायको-मुलांना घेऊन सासऱ्यांकडे जाऊन राहतो मी. उज्जैनला."

बाबूराव हसले. हसू थांबवता येईना, म्हणून त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं, मग डोळे. सुजय उठून उगाच एक तार सरळ करत राहिला.

"आम्ही इथे थोडा वेळ बसलो तर चालेल?" बाबूरावांनी विचारलं. "काही लावू नका. असंच."

"बसा ना. पुढचा ग्रुप येईपर्यंत बसा." आणि तो पाऊल न वाजवता बाहेर गेला. दार मागे लागलं.

ते दोघंच उरले. बाबूरावांनी मान टेकवली. हे आपल्याला घरी नेता येणार नाही. हे इथेच आहे, आणि संध्याकाळी यांनी चौकोन उतरवले की इथेही नसेल. त्यांना एवढंच करता येत होतं, की डोळे मिटून बसायचं.

"नाही," दीना म्हणाली.

त्या खोलीत तिचा शब्द कोरडा, लहान होऊन पडला. कुठून परत आला नाही.

"बस जरा," ते डोळे न उघडता म्हणाले. "बरं वाटतंय ना? बघ किती शांत आहे."

"नाही. नाही." तिनं डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. तिचाही आवाज झाला नाही, कापडानं गिळून टाकला. तिनं पुन्हा मारली, जोरात. बाबूरावांनी डोळे उघडले. ती भिंतींकडे बघत होती, एका भिंतीवरून दुसरीवर, आणि तिचा श्वास तोंडानं चालला होता. खोल पाण्यात पाय टेकत नसलेल्या माणसासारखे डोळे. "नाही नाही नाही."

"बाथरूमला जायचंय का? जाऊ, जाऊ. चल."

ते उठले. दार उघडता उघडता त्यांनी एकदा मागे वळून त्या राखाडी भिंतींकडे पाहिलं.

बाथरूम कॉरिडॉरच्या टोकाला होतं. तिथवर पोचेपर्यंत पायांखाली ते ओळखीचं काहीतरी सुरू झालं. आधी गालिच्यातून, मग खुर्चीच्या दांड्यांतून त्यांच्या तळव्यांत. शेवटच्या खोलीचं दार बंद होतं, तरी दारावरचा फलक खिळ्यापाशी थरथरत होता. बाबूरावांनी पावलं भराभर उचलली. एवढी खोली ओलांडली की झालं.

खुर्ची अडकली. ते पुढे कलंडता कलंडता वाचले.

दीनाचा डावा पाय पायपट्टीवरून उतरून गालिच्यावर टेकला होता. घसरला असेल. बाबूराव पुढे आले, वाकले, पाय उचलून पट्टीवर ठेवला. खुर्ची दोन हात पुढे गेली आणि पुन्हा अडकली. या वेळी त्यांनी खाली पाहिलं तेव्हा टाच गालिच्यात रुतलेली होती आणि पोटरीचा स्नायू ताणलेला होता.

"काय झालं? अगं, बाथरूम पुढे आहे."

दीना त्यांच्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

तेवढ्यात दार उघडलं. दोघं जण हसत, कान चोळत बाहेर आले. त्यांच्या मागून ढोल आले, एक, मग खूप, आणि काळा टी-शर्ट घातलेला एक तरुण दार धरून उभा राहिला.

"आइए अंकलजी. रिकामी आहे आता, या."

"नको, नको," बाबूराव म्हणाले. "आम्ही बाथरूमला... तिला आवाज सहन होत..."

दीनानं डाव्या हातानं दाराची चौकट पकडली.

तरुणानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग बाबूरावांकडे. "अरे, आपण मराठी का? मी पण मराठीच, मनीष. बोलायला जरा कच्चा आहे, बस. आवाज कमी ठेवतो, काका. काकूंना बघायचंय वाटतं."

खुर्ची आत गेली, कशी ते बाबूरावांना नीट कळलं नाही. कपाटांसारखे दोन स्पीकर भिंतीपाशी उभे होते, त्यांच्यामध्ये जमिनीवर काळी पेटी होती आणि तिचा गोल पडदा आत-बाहेर होत होता. मनीषनं सांगितलं की हे नुसत्या ढोलांचं रेकॉर्डिंग आहे, मोकळ्या मैदानात केलेलं. त्यानं रिमोट उचलला आणि ढोल लांब नेऊन ठेवल्यासारखे बारीक केले.

"एवढा चालेल?"

"नाही," दीना म्हणाली.

मनीषनं आणखी कमी केला. आता ढोल शेजारच्या गावात वाजत होते.

"नाही," ती म्हणाली. मान हलवू लागली. "नाही, नाही."

"बंद करू का, काकू?"

"नाही."

"मग चालू ठेवू?"

"नाही."

मनीष गोंधळला. लहान मुलाबरोबर आलेल्या मोठ्या माणसाकडे बघावं तसं त्यानं बाबूरावांकडे पाहिलं. "काका, त्या काय म्हणतायत? वाढवू की बंद करू?"

वाक्य तयार होतं. इतक्या वेळा बोललेलं होतं, की आपोआप बाहेर येत असे. बाबूरावांनी श्वास घेतला आणि दीनाकडे पाहिलं.

ती पुढे झुकली होती. जितकं अंग तिच्या ताब्यात होतं तितकं सगळं पुढे, त्या पेटीकडे. तोंड अर्धवट उघडं, गालावर रंग. अंग ताठ होतं आणि डोळे मोठे झाले होते, सीझनमध्ये संध्याकाळी होत तसेच. त्यांना महूचा रस्ता आठवला. चौदा एप्रिल, जयंतीची मिरवणूक, भर दुपार, बँडच्या अगदी तोंडाशी पांढऱ्या साड्यांतल्या बायका, आणि त्यांच्यात सगळ्यांत पुढे दीना, घामानं कपाळाला केस चिकटलेले, ताशाकडे तोंड करून उलटी चालणारी. लग्न झाल्यापासून दर वर्षी. दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसलेला असे. ते स्वतः कुठे होते? कडेला. दुकानाच्या सावलीत, संबोधीला कडेवर घेऊन, तिच्या कानांवर हात ठेवून. पाण्याची बाटली त्यांच्याजवळ असायची. लवकर घरी जायची घाई त्यांना असायची.

आणि कशावरून? आत्ता घाबरलेलीही असेल ती. चेहऱ्यावरून काय कळतं. पलंग मधल्या खोलीत नेला, तेव्हाही त्यांनी चेहराच पाहिला होता.

"काका?" मनीष म्हणाला.

"मला नाही माहीत," बाबूराव म्हणाले.

ते दीनाच्या खुर्चीशेजारी सरकले. "तिलाच विचारा," ते म्हणाले. "विचारा आणि जरा थांबा."

मनीष दीनासमोर उकिडवा बसला. काय विचारावं ते त्याला सुचेना. मग त्यानं रिमोट तिच्या डाव्या हातात दिला आणि आपल्या बोटानं दाखवलं. "काकू, हे वर, हे खाली. तुम्हीच करा. आपको जितना ठीक लगे."

दीनानं रिमोटकडे पाहिलं. तिचा अंगठा बटणांवरून फिरला, एकावर थांबला, घसरला. बाबूरावांचा हात पुढे गेला. बोट नेमकं कुठल्या बटणावर ठेवून द्यायचं हे त्यांना ठाऊक होतं, सवयच होती ती. हात तिच्या मनगटाजवळ पोचला आणि तिथेच राहिला.

ती बघत राहिली. मनीषनं एकदा घड्याळाकडे पाहिलं. दारात आणखी कोणी येऊन उभं राहिलं होतं.

मग तिनं दाबलं.

ढोल शेजारच्या गावातून निघाले. वेशीपाशी आले. तिनं अंगठा उचलला नाही. ते गल्लीत शिरले, दारात आले, आणि मग खोलीत दुसरं काही उरलं नाही. छताच्या जाळीतून धूळ पडली, गळ्यातल्या कार्डाची पट्टी तिच्या छातीवर थरथरू लागली, दारातली माणसं मागे सरकली. मनीष हसत काहीतरी ओरडून म्हणाला, ते ऐकू आलं नाही. दीनाचे ओठ हलत होते. तोच शब्द असणार. पुन्हा पुन्हा.

बाबूरावांचे दोन्ही हात वर गेले होते. तळवे कानांवर घट्ट दाबलेले होते, आणि डोळे मिटलेले. हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. दीना त्यांच्याकडेच बघत होती.

त्यांनी हात खाली घेतले. शेजारची रिकामी खुर्ची ओढली, तिच्याजवळ लावली, आणि तळवे गुडघ्यांवर ठेवून ते बसून राहिले.